ऑलिव्हची बाग व तेलाची प्रत

धान्याच्या घाऊक व्यापारात आमची चाळीस वर्षे गेली. पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढावे, एक दाताखाली फोडावा व मालाची प्रत सांगावी, एवढीच आमची विद्या. गतवर्षी कार्तिक मासी चिरंजीवांसमवेत इटलीच्या दक्षिण टोकास, पुलिया प्रांतातील गल्लीपोलीनजीक, ऑलिव्हची बाग व घाणा पाहण्याचा योग आला. तेथे जे समजले ते व्यापारी बांधवांपुढे ठेवीत आहोत.

आपली शेंगदाणा, करडई, तीळ ही तेले बियांची. ऑलिव्हचे तेल मुख्यत्वे फळाच्या गरातून निघते. गर ओला असल्याने फळ उतरताच नासू लागते. शेंगदाणा वखारीत महिनोन्महिने थांबतो, ऑलिव्ह थांबत नाही. म्हणून ते शक्यतो त्याच दिवशी घाण्यावर नेतात. फळे धुऊन कोयीसकट दळतात, लगदा सुमारे अर्धा तास संथपणे ढवळतात व वेगाने फिरणाऱ्या यंत्रात तेल वेगळे काढतात. लगद्याची उष्णता २७ अंशांच्या आत ठेवतात. अधिक तापविल्यास तेल जास्त सुटते, परंतु वास व गुण उणावतात. १०० किलो फळांचे तेल साधारणतः १५ ते २० किलो भरते.

तेलाची प्रत तेथे कायद्याने ठरते. आम्लता शेकडा ०.८ पर्यंत असून चवीत व वासात दोष नसेल, तर ते 'एक्स्ट्रा व्हर्जिन'. २ पर्यंत 'व्हर्जिन'. त्यापुढील 'लांपान्ते', म्हणजे दिव्याचे तेल. ते शुद्धीकरणावाचून खाण्यास चालत नाही. गल्लीपोलीची जुनी कीर्ती या दिव्याच्या तेलाचीच. खडकात कोरलेले तेथील भूमिगत घाणे आजही पाहावयास मिळतात.

बागाईतदारांनी पेला तळहाताने ऊबवून तेल चाखावयास दिले. जीभ कडवटली, घशास ठसका लागला. माल बिघडला, असे आम्हांस वाटले. परंतु तो कडवटपणा व ठसका हीच ताजेपणाची खूण, असे त्यांनी समजाविले. प्रकाश, उष्णता व हवा हे या तेलाचे शत्रू होत. यास्तव गडद बाटली व काढणीचे साल पाहूनच ते घ्यावे.

बागेच्या एका अंगास मात्र जुनी झाडे उभ्याने वाळलेली होती. २०१३ साली या भागात झायलेला नामक जंतू आढळला. एक लहान कीटक तो झाडोझाडी नेतो. खोडातील पाणी वाहणाऱ्या नलिका बुजतात व शेकडो वर्षांचे झाड मरते. रोगी झाड बरे करणारा उपाय अद्याप सापडलेला नाही. लेच्चिनो व फावोलोझा या जाती तग धरतात; त्यांचीच रोपे यांनी लाविली आहेत.

आम्ही व्यापारी सवयीने विचारिले, "माल घटला, तर बाहेरचे स्वस्त तेल मिसळून का विकीत नाही?"

चिरंजीवांनी उत्तराचा अर्थ सांगितला, "झाडे रोगाने गेली. नाव गेले, तर ते आमच्या हाताने जाईल."

आम्ही मान खाली घातली. एका टंचाईच्या साली आम्ही जुना गहू नव्यात मिसळून विकला होता. गिऱ्हाईक काही बोलले नाही. पुन्हा आलेही नाही. मासला एक व माल दुसरा, हा मोह तुटीच्या वर्षीच होतो. आणि व्यापाऱ्याची प्रतही त्याच वर्षी ठरते.