पेटी बुडली कशी नाही?

साल १९४४. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य. मध्यरात्री मांडवी नदीत एक लाकडी पेटी तरंगत चाललीय आणि तिच्यावर एक अठरा वर्षांची मुलगी आहे! सोबतचे गडी पोहतायत, कोरडे कपडे डोक्याला बांधून. एका साथीदाराच्या सुटकेच्या कामगिरीवरून परत निघालेली ही मंडळी.

ती मुलगी म्हणजे हौसाताई पाटील, क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक. पुढे त्या आपल्या विट्यात राहिल्या.

अशी धिटाई शिकायची कुठे? तुमच्या शाळेत स्काऊट-गाईडचं पथक असेल, तर गळ्यात स्कार्फ बांधून तुम्ही गाठी मारायला, माग काढायला शिकला असाल. इंग्लंडमध्ये १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांना घेऊन हे स्काऊटिंग सुरू केलं. दोन वर्षांत ते भारतात आलं, पण सुरुवातीला आपल्या मुलांना त्यात प्रवेशच नव्हता. मग १९१६ साली ॲनी बेझंट यांनी भारतीय मुलांसाठी वेगळी स्काऊट संघटना काढली.

आणि आपल्या दुष्काळी मुलखातली पोरं? त्यांची शाळाच निराळी. विट्याच्या नैर्ऋत्येला कुंडल आहे ना, तिथे १९४३ साली नाना पाटलांच्या प्रतिसरकारची, म्हणजे इंग्रजांना न जुमानणाऱ्या लोकांच्या सरकारची, तुफान सेना उभी राहिली. जी. डी. बापू लाड तिचे फील्डमार्शल. शेतकऱ्यांची तरणी पोरं तिथे कवायत शिकली. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ त्यांनी इंग्रजांची पगाराचे पैसे नेणारी रेल्वेगाडी अडवून लुटली. हौसाताईंनी तर भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग केलं. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले, तेवढ्यात साथीदारांनी आतल्या बंदुका पळवल्या! स्काऊटच्या पुस्तकात असला धडा कुठला सापडायला?

आता ती पेटी. समजा, पेटी एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद. तिचं वजन १० किलो आणि मुलीचं ४५. झाले ५५ किलो. पाण्यात टाकलेली वस्तू पाणी बाजूला सारते. जेवढं पाणी सारलं, त्याच्या वजनाइतक्या जोराने पाणी तिला वर ढकलतं. हे आर्किमिडीजने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी ओळखलं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून आपल्या पेटीला ५५ लिटर पाणी सारावं लागेल. तेवढ्यासाठी ती फक्त ११ सेंटिमीटर खाली जाते, म्हणजे तुमच्या वीतभरसुद्धा नाही! बाकीची पेटी वरच. खारं पाणी असेल तर आणखी किंचित वर, कारण ते जड असतं. मात्र फटीतून पाणी आत शिरलं, की आतली हवा जाते आणि खेळ बिघडतो. शिवाय अशा पेटीवर ताठ बसलं तर ती कलंडते, पालथं पडून राहिलं तर तोल टिकतो.

खरं वाटत नसेल तर घट्ट झाकणाचा रिकामा डबा बादलीत दाबून बघा. हाताला पाण्याचा धक्का लागेल. विहिरीत, नदीत मात्र मोठी माणसं सोबत असल्याशिवाय अजिबात उतरायचं नाही!

हौसाताई २३ सप्टेंबर २०२१ ला वयाच्या ९५ व्या वर्षी गेल्या. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी तुफान सेनेच्या अशा हकिकती ऐकलेल्या असतील. या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि वहीत उतरवून घ्या.