गाऊट आणि जीवनसत्त्वे : आंबट टाळावे की गोळ्या चघळाव्यात?

धडधाकट माणूस रात्री नेहमीप्रमाणे झोपतो आणि पहाटे दोन-तीनच्या सुमारास पायाच्या अंगठ्यातील असह्य वेदनेने जागा होतो. अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा लालबुंद होऊन सुजलेला असतो. पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. ‘गाऊट’ या विकाराचा पहिला झटका बहुधा असाच येतो. रक्ततपासणीत ‘युरिक ॲसिड’ वाढल्याचे कळते आणि लगोलग सल्ल्यांचा वर्षाव सुरू होतो. घरातील वडीलधारी मंडळी लिंबू, चिंच, आवळा बंद करायला सांगतात, कारण आंबट खाल्ल्याने सांधे धरतात असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. कचेरीतला सहकारी नेमके उलट सांगतो : ‘क’ जीवनसत्त्वाची गोळी रोज चघळा, युरिक ॲसिड आपोआप उतरेल! यांपैकी खरे कोणाचे मानायचे?

युरिक ॲसिड म्हणजे आंबट पदार्थांतून शरीरात जाणारे आम्ल नव्हे, हे प्रथम लक्षात घ्यायला हवे. आपल्या पेशींमध्ये आणि अन्नामध्ये प्युरिन नावाची द्रव्ये असतात. त्यांचे विघटन होऊन शेवटी युरिक ॲसिड उरते. बहुतेक सस्तन प्राण्यांत ते पुढे विरघळवून टाकणारे एक विकर असते. उत्क्रांतीच्या ओघात मानवाने ते गमावले. त्यामुळे हा सारा भार प्रामुख्याने मूत्रपिंडांवर येतो. रक्तातील प्रमाण दर डेसिलिटरला ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे गेले की युरिक ॲसिडचे क्षार रक्तात विरघळलेले राहू शकत नाहीत आणि त्यांचे सुईसारखे स्फटिक सांध्यांत साचू लागतात. लिंबातील आम्लाचा या प्रक्रियेशी काही संबंध नाही. उलट लिंबातील सायट्रेटमुळे लघवीची आम्लता कमी होते आणि तीत युरिक ॲसिड अधिक सहज विरघळते. तेव्हा वडीलधाऱ्यांचा लिंबावरचा राग निदान या आजारापुरता तरी अनाठायी आहे.

‘क’ जीवनसत्त्वाच्या बाजूने मात्र खरोखरच काही पुरावा आहे. मूत्रपिंडे गाळलेल्या युरिक ॲसिडपैकी बरेचसे पुन्हा रक्तात परत घेतात. ‘क’ जीवनसत्त्व या परतीच्या वाटेत अडथळा आणते आणि त्यामुळे थोडे अधिक युरिक ॲसिड लघवीवाटे बाहेर पडते, असे मानले जाते. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील संशोधकांनी २००५ साली १८४ जणांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोज ५०० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व दोन महिने घेणाऱ्यांचे युरिक ॲसिड सरासरी अर्ध्या मिलिग्रॅमने उतरले होते. पुढे २००९ मध्ये सुमारे ४७ हजार अमेरिकी पुरुषांच्या वीस वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. दररोज १५०० मिलिग्रॅम किंवा अधिक ‘क’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत गाऊटचे प्रमाण ४५ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र ही केवळ निरीक्षणे होती. जीवनसत्त्वे नेमाने घेणारा माणूस एरवीही प्रकृतीला जपणारा असतो. गोळी आणि बिनऔषधाची गोळी यांची रीतसर तुलना करणाऱ्या, चौदा हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, तेव्हा ४५ टक्क्यांचा हा आकडा १२ वर आला.

शिवाय हे सारे झाले प्रतिबंधाबद्दल. ज्यांना गाऊट जडला आहे, त्यांचे काय? न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४० रुग्णांचा समावेश होता. त्यात ५०० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व घेऊनही युरिक ॲसिडमध्ये उपचाराच्या दृष्टीने नगण्य घट झाली. ॲलोप्युरिनॉल या औषधाने ते पुष्कळच उतरले. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत गाऊटच्या रुग्णांना या गोळ्यांची शिफारस केलेली नाही. याचे कारण साध्या हिशेबात आहे. रुग्णाचे युरिक ॲसिड ९ असेल आणि गोळीने अर्धा मिलिग्रॅम उतरले, तरी ते साडेआठ राहते. साचलेले स्फटिक विरघळण्यासाठी ते ६ च्या खाली असावे लागते. साडेआठवर स्फटिक साचतच राहतात, फक्त रुग्ण निर्धास्त होतो.

खरा धोका या निर्धास्तपणातच आहे. ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत जुने स्फटिक हलू लागतात आणि झटके उलट वाढू शकतात. म्हणूनच डॉक्टर सुरुवातीला सोबत कोल्चिसिनसारखे औषध देतात. हे नीट समजावून सांगितले नाही, तर ‘औषधानेच त्रास वाढला’ असे म्हणून रुग्ण ते सोडतो आणि निरुपद्रवी वाटणाऱ्या जीवनसत्त्वाकडे वळतो. दोन झटक्यांच्या मधल्या काळात दुखत काहीच नाही, त्यामुळे गोळी लागू पडली असे वाटते. वर्षे सरतात, बोटांवर आणि कानाच्या पाळीवर पांढरट गाठी दिसू लागतात, सांधे झिजतात. निरुपद्रवीपणाचेही तसेच. दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या वरची मात्रा घेऊ नये, असा संकेत आहे. स्वीडनमधील पुरुषांच्या एका मोठ्या पाहणीत या गोळ्या घेणाऱ्यांत मूतखड्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले होते. गाऊटच्या रुग्णाला मूतखड्याची भीती मुळातच अधिक असते.

इतर जीवनसत्त्वांची कथा छोटी आहे. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आणि वाढलेले युरिक ॲसिड पुष्कळदा एकत्र आढळतात, पण ‘ड’ दिल्याने गाऊट आवरतो, असे सिद्ध झालेले नाही. फॉलिक ॲसिड हे युरिक ॲसिड तयार करणाऱ्या विकराला रोखते, असा एके काळी बोलबाला होता. १९८४ मध्ये कळले की तो परिणाम फॉलिक ॲसिडचा नसून त्यात मिसळलेल्या अशुद्ध द्रव्याचा होता! कोलेस्टेरॉलसाठी पूर्वी ग्रॅमच्या मात्रेत दिले जाणारे नायसिन, म्हणजे ‘ब-३’, तर युरिक ॲसिड वाढवते. बी-कॉम्प्लेक्सच्या साध्या गोळीत त्याचे प्रमाण अल्प असल्याने तिची धास्ती नको. ‘नैसर्गिक जीवनसत्त्वे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या यीस्टच्या गोळ्या मात्र टाळाव्यात, कारण यीस्टमध्ये प्युरिन भरपूर असते.

मग ‘क’ जीवनसत्त्व घ्यायचेच नाही का? अवश्य घ्यावे, पण ताटातून. शंभर ग्रॅम पेरूत ते सुमारे २०० मिलिग्रॅम असते. आवळा, ढोबळी मिरची, कोथिंबीर आणि वरणावर पिळलेले लिंबूही आहेच. हो, वरणसुद्धा! गाऊट झाला की डाळी आणि पालक बंद करण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात मांस आणि मासे अधिक खाणाऱ्यांत गाऊट जास्त आढळला. प्युरिनयुक्त भाज्या व कडधान्यांनी धोका वाढला नाही आणि कमी स्निग्धांशाच्या दुधादह्याने तो घटला. बीअर आणि साखरेची शीतपेये यांच्यावर मात्र खुशाल राग काढावा.

आणखी एक गोष्ट. ऐन झटक्यात रक्तातील युरिक ॲसिड तात्पुरते खाली येऊन अहवालात अगदी सामान्यही दिसू शकते. त्या अहवालावरून गाऊट नाही असे ठरवू नये, की चघळलेल्या गोळीला श्रेय देऊ नये. झटका ओसरल्यावर किमान दोन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करून घ्यावी आणि तो अहवाल डॉक्टरांना दाखवावा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा हृदयासाठी रोजची ॲस्पिरिन चालू असेल, तर तेही त्यांना सांगावे. या दोन्हींमुळे युरिक ॲसिड वाढते. पण डॉक्टरांना विचारल्याखेरीज त्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत.