काड्यापेट्यांचा जिना

मंडळाच्या रविवारच्या बालवर्गात गणित घ्यायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी जरा घाबरलेच होते. मुलं तिसरी ते पाचवीतली, एकूण १८. आठवडाभर शाळा करून आलेल्या मुलांना रविवारी सकाळी पुन्हा गणित कोण शिकवणार? म्हणून ठरवलं, पुस्तक उघडायचंच नाही. मुलांनीच माहिती गोळा करायची आणि मुलांनीच तिचा आलेख करायचा.

पहिला प्रश्न अगदी इंदुरी होता : आज सकाळी काय खाल्लं? एकानं विचारायचं, दुसऱ्यानं पाटीवर खुणा करायच्या. चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांच्यावर आडवी, म्हणजे पाचांचा गठ्ठा. मराठी पुस्तकांत यांना ‘ताळ्याच्या खुणा’ म्हणतात, आमच्या मुलांच्या हिंदी पुस्तकात ‘मिलान चिह्न’. दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले. पोहे ९, इडली-डोसा ४, पराठा ३, उपमा २. बेरीज १८ आली, म्हणजे कुणी सुटलं नाही आणि कुणी दोनदा मोजलं गेलं नाही. ही पडताळणी मुलांना फार आवडली.

मग या माहितीच्या ओळी मांडायला घेतल्या. पोह्यांसाठी चिंचोके दिले, इडलीसाठी पाण्याच्या बाटल्यांची झाकणं. ९ चिंचोके एकाला एक लावून ठेवले, खाली ४ झाकणं ठेवली, तर झाकणांची ओळच लांब! एक मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘‘काकू, इंदूरमध्ये इडली पोह्यांना हरवूच शकत नाही. काहीतरी गडबड आहे.’’ गडबड मी मुद्दामच केली होती. प्रत्येक वस्तू सारख्याच मापाची हवी आणि प्रत्येक ओळ एकाच रेषेपासून सुरू व्हायला हवी, हे मला सांगावंच लागलं नाही. पुढच्या रविवारी सगळ्यांनी रिकाम्या काड्यापेट्या आणल्या. एक पेटी म्हणजे एक मूल. पेट्या एकावर एक रचल्या की स्तंभ तयार. तोच नंतर चौकटीच्या कागदावर उतरवला, एक घर म्हणजे एक मूल. खाली नावं, डावीकडे आकडे, वर शीर्षक.

मुलांना एक गोष्टही सांगितली. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश माणसानं १७८६ साली व्यापाराच्या आकड्यांचं एक पुस्तक काढलं. इतर देशांच्या व्यापाराची वर्षानुवर्षांची माहिती असल्यामुळे त्यानं रेषा काढल्या. स्कॉटलंडची मात्र एकाच वर्षाची माहिती हाती होती, मग तिथे त्यानं पट्ट्या काढल्या. आजही हिशेब तोच आहे. दिवसागणिक बदलणारी गोष्ट, उदाहरणार्थ कुंडीतल्या मुगाच्या रोपाची उंची, रेषेनं दाखवावी. वेगवेगळ्या गोष्टींची तुलना स्तंभांनी करावी.

इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग एका रविवारी मी विचारलं, ‘‘घरी आई-बाबांशी कोण कोण मराठीत बोलतं?’’ १८ च्या १८ हात वर! मला आनंद व्हायला हवा होता. पण वर्गाबाहेर चपला घालताना ही मुलं आपल्या आयांशी काय बोलतात, ते मी दर रविवारी ऐकत होते. ‘‘मम्मी, जल्दी चलो ना.’’

चूक मुलांची नव्हती. मराठी मंडळाच्या सभागृहात, मराठी शिकवणाऱ्या काकूंसमोर, सगळ्यांच्या देखत विचारल्यावर कोणतं मूल ‘नाही’ म्हणेल? चुकलं ते माझं विचारणंच.

पुढच्या वेळी पोह्यांचा स्टीलचा डबा आणला. चिठ्ठीवर नाव नाही. तीन प्रश्न : आजी-आजोबांशी, आई-बाबांशी, आणि भावंडांशी किंवा मराठी मित्रांशी जास्त करून कोणती भाषा? मी पाठ करून उभी राहिले. आधी एवढंच सांगितलं, ‘‘मराठी लिहिलं म्हणून शाबासकी नाही, हिंदी लिहिलं म्हणून रागावणार नाही. खोटी पेटी रचली तर मात्र आलेख खोटा होतो.’’

मुलांनीच चिठ्ठ्या उघडल्या आणि मराठीच्या पेट्या रचल्या. आजी-आजोबांशी १५, आई-बाबांशी ८, भावंडांशी आणि मित्रांशी २. वर्ग जरा गप्प झाला. मग एक छोटा म्हणाला, ‘‘काकू, हा तर जिना झाला. खाली उतरायचा.’’

मी काहीच बोलले नाही. बोलायचं ते पेट्यांनीच सांगितलं होतं. एवढंच विचारलं, ‘‘हा इंदूरच्या सगळ्या मराठी मुलांचा आलेख आहे का?’’ बराच खल झाला. पाचवीतली एक मुलगी म्हणाली, ‘‘नाही, फक्त आपला. आणि जी मुलं मंडळात येतच नाहीत, त्यांचा अजून छोटा असेल.’’ तिचा अंदाज खरा असेल किंवा नसेल, पण किती जणांना विचारलं आणि कुणाला विचारलंच नाही, हे पाहायला ती शिकली होती. २०११ च्या जनगणनेत सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही आपली मातृभाषा सांगितली. तो आकडा फार मोठा आहे. पण मातृभाषा कोणती आणि संध्याकाळी भावाशी कोणत्या भाषेत भांडलो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

माझा मुलगाही त्याच वर्गात होता. घरी येताना स्कूटरवर मागून म्हणाला, ‘‘आई, मी आई-बाबांच्या चिठ्ठीत हिंदी लिहिलं. तू अभ्यासाचं नेहमी हिंदीतच ओरडतेस.’’ मला वाटत होतं, आमचं घर अस्सल मराठी!

मग आम्ही फ्रीजवर एक कागद लावला. आठवडाभर रोज रात्री आठ ते नऊ, ज्यानं बोलायला सुरुवात केली त्याच्या भाषेची एक खूण. खुणा लेकाच्या हाती. आठवड्याअखेरीस दिसलं की वरण, भाजी, आजीचा फोन हे सगळं मराठीत. गृहपाठ, शाळा आणि माझा राग हिंदीत. म्हणजे मराठी घरातून गेलेली नव्हती, स्वयंपाकघरात जाऊन बसली होती. आता रोजचं एक तरी गणित आम्ही मराठीत वाचतो. ‘गुणाकार’, ‘हातचा’, ‘उरले किती’ हे शब्द मलाच पुन्हा आठवावे लागले. रागाचं अजून जमलेलं नाही.

तुम्हीही करून पाहा. घरातल्या सगळ्यात लहान सदस्याच्या हाती पेन्सिल द्या, प्रश्न त्यालाच ठरवू द्या. कोण किती वेळ मोबाइल बघतं, कोण किती ग्लास पाणी पितं, काहीही चालेल. अट एकच : मोठ्यांनी आपली खूण पुसायची नाही. आमच्या कागदावर माझ्या हिंदीच्या खुणा तशाच आहेत. दिवाळीनंतर पुन्हा मोजायचं ठरलंय.