वारंवार होणारी डोकेदुखी आणि परसातील गवती चहा

शेतीच्या हंगामात डोके दुखणे ही खेड्यापाड्यांत इतकी नित्याची तक्रार आहे की, तिला सहसा कोणी आजार मानीत नाही. कपाळाला सुंठेचा लेप लावावा, डोक्याला फडके बांधावे, फारच झाले तर दुकानातून गोळी आणावी आणि पुन्हा कामास लागावे, असा सर्वसाधारण परिपाठ आहे. तथापि हेच दुखणे वरचेवर होऊ लागले म्हणजे त्याचे कारण शोधणे अवश्य होय. गवती चहा व आले यांचा काढा अशा वेळी आराम देतो; मात्र तो कोठे उपयोगी पडतो आणि कोठे त्यावर विसंबणे जिवावर बेतते, हे प्रत्येक कुटुंबास ठाऊक असले पाहिजे.

दुखण्याची कारणे

उन्हात पाण्यावाचून काम करणे, जेवणाची वेळ टळणे, अपुरी झोप, ओझ्याने मान व खांदे आखडणे, दृष्टिदोष आणि कोंदट स्वयंपाकघरातील धूर ही नेहमीची कारणे होत. कडक चहाची सवय हेही एक कारण आहे. रोजचा चहा चुकला की, त्यातील कॅफीन न मिळाल्याने साधारणतः १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते. शिवाय साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास त्या गोळ्यांपासूनच डोकेदुखी जडू शकते.

काढ्याचा उपयोग व कृती

गवती चहाच्या नावात चहा असला तरी त्यात कॅफीन नसते. त्यामुळे दिवसातील एकदोन कप कडक चहाऐवजी तो घेत गेल्यास सवय हळूहळू कमी करता येते आणि पोटात पाणीही जाते. आल्याविषयी थोडी अधिक माहिती उपलब्ध आहे. इराणमध्ये अर्धशिशीच्या १०० रुग्णांवर झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सुंठेच्या पुडीने दोन तासांत मिळालेला आराम सुमाट्रिप्टान या औषधाच्या तोडीचा आढळला. ही चाचणी लहान होती व ती पुडीची होती, काढ्याची नव्हे. म्हणून काढ्यास रामबाण समजू नये.

दीड कप पाण्यात आल्याचा अर्ध्या बोटाएवढा तुकडा ठेचून उकळावा. भांडे उतरवून त्यात गवती चहाच्या दोनतीन पाती चिरून टाकाव्यात आणि पाच ते दहा मिनिटे झाकण ठेवावे. झाकण न ठेवल्यास सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जाते. दिवसातून एकदोन कप पुरेत. मधुमेह असल्यास गूळ घालू नये. गरोदर स्त्रिया व रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांनी आधी डॉक्टरांस विचारावे.

लागवड

पावसाळ्याच्या आरंभी जुन्या बेटातील ठोंब काढून परसात लावावा. पाणी साचू देऊ नये. तीनचार महिन्यांनी जमिनीपासून १० ते १५ सेंटीमीटर ठेवून पाती कापावी. ती पुन्हा फुटते. फवारणीच्या पिकाच्या बांधावर मात्र हे बेट लावू नये आणि तेथील पाती कधीही वापरू नये.

काढ्यावर केव्हा विसंबू नये

फवारणीनंतर डोके दुखू लागले, त्यासोबत गरगरणे, मळमळ, घाम, तोंडास पाणी सुटणे, अंधुक दिसणे किंवा श्वास लागणे अशी लक्षणे दिसली, तर ती विषबाधा समजावी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसाच्या फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, हे विसरून चालणार नाही. अशा वेळी काढा, दूध वा तूप पाजण्यात वेळ दवडू नये. रुग्णास मोकळ्या हवेत आणावे, कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाच्या डब्यावरील चिठ्ठी दवाखान्यात सोबत न्यावी.

अकस्मात उठलेली असह्य कळ, तापासह मान ताठरणे, बोलणे अडखळणे, एक अंग लुळे पडणे, डोक्यास मार लागल्यानंतरची वेदना, गरोदरपणातील तीव्र डोकेदुखी आणि पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेले दुखणे, यांसाठीही तत्काळ दवाखाना गाठावा. बंद खोलीत शेगडी पेटलेली असता घरातील अनेकांचे डोके एकदम दुखू लागले, तर विषारी वायूचा संशय धरून सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांस सूचना

डोकेदुखीची तक्रार करणाऱ्यास दिनदर्शिकेवर दुखण्याचा दिवस, त्या दिवशीचे काम, जेवण, झोप व घेतलेली गोळी यांची खूण करण्यास सांगावे. महिनाभरात बहुधा कारणाचा माग लागतो. रक्तदाब व डोळे तपासून घेण्यास आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. फवारणीच्या दिवसांत या तक्रारीची चौकशी विशेष काळजीने करावी. घरोघरी गवती चहाचा ठोंब अवश्य पोहोचवावा. पण त्यासोबत वरील धोक्याच्या खुणाही पोहोचल्या पाहिजेत, कारण वेळीच ओळखलेली खूण घरच्या कर्त्या माणसाचा जीव वाचविते.