धैर्याला लागणारी चूल

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचारांना आलेल्या मुलांच्या तोंडी काही शब्द चटकन बसतात: सलाइन, केमो, काउंट. काउंट म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. पांढऱ्या पेशी फार घसरल्या की साधा तापही जिवावर बेततो. मग तोंडाला मास्क, उकळलेलं पाणी आणि खेळायला बाहेर जाणं बंद. धड अक्षरओळखही न झालेलं पोर 'आज काउंट किती?' हे आईच्या आधी विचारतं.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळतो तो रक्ताचा कर्करोग, आणि त्यातही तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्याचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळणारं विन्क्रिस्टिन हे त्यातलं एक मुख्य औषध. दुसरं मेथोट्रेक्सेट. ते मेंदू-मणक्याभोवतीच्या द्रवात पोहोचावं म्हणून कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून द्यावं लागतं. त्यासाठी मुलाने कुशीवर वळायचं, गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी घेऊन अंगाचं मुटकुळं करायचं आणि अजिबात हलायचं नाही. पहिल्या खेपेला पुढे काय होणार याची कल्पना नसते. पाचव्या खेपेला सगळं ठाऊक असतं, आणि तरीही ते मूल टेबलावर चढतं.

पण त्या टेबलापर्यंत पुन्हा पुन्हा यायचं तर मुंबईत राहायला हवं. बिहार, बंगाल, आसाम, विदर्भ, मराठवाडा अशा ठिकाणांहून आलेली कुटुंबं रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर पथारी टाकतात. गावी शेती पडून, बापाची मजुरी बुडालेली, धाकटी भावंडं आजीकडे. थोडा गुण आला की 'बरं झालं पोर' म्हणून परतीची गाडी धरली जाते. उपचार अर्धवट सुटले की आजार उलटण्याचा धोका असतो.

नेमकी हीच गळती रोखण्यासाठी श्यामा आणि निहाल कविरत्ने या दांपत्याने 2006 मध्ये मुंबईत 'सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स' सुरू केलं. उपचार रुग्णालयाने करायचे, राहण्या-जेवण्याची काळजी संस्थेने घ्यायची, अशी ही सरळ वाटणी. कॉटन ग्रीनला बंदर प्रशासनाच्या जुन्या इमारतींत त्यांचं मोठं संकुल आहे. आता कोलकाता, दिल्ली, हैदराबाद, गुवाहाटी अशा शहरांतही केंद्रं आहेत. मूल आणि आईवडिलांना इथे मोफत राहता येतं. प्रत्येक कुटुंबाला स्वतःची खोली किंवा जागा मिळते. त्याशिवाय शिधा, रुग्णालयापर्यंत गाडी, मुलांचा अभ्यास आणि समुपदेशन.

स्वयंपाकघर सामायिक असलं तरी शेगडी ज्याची त्याची. ही सोय किरकोळ वाटेल, पण उपचारांत स्टेरॉइडचे दिवस असतात. गाल फुगतात, चिडचिड वाढते, आणि भूक अशी लागते की मूल भलत्या वेळी वरणभात मागतं, जेवून उठल्यावर पुन्हा मागतं. केमोच्या दिवसांत त्याच वरणभाताचा वासही सोसत नाही. बंगाली आईला माशाचं पातळ कालवण करायचं असतं, बिहारी आईला सत्तू कालवायचा असतो. बाहेरचं खाणं पथ्याला चालत नाही आणि खानावळीचं ताट मुलाच्या लहरीप्रमाणे बदलत नाही. आईच्या हाताशी शेगडी असेल, तर पोटात चार घास जातात आणि पुढचा डोस झेपतो.

संस्था एकटी नाही. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन परगावच्या रुग्णांना आसरा देत आली आहेत. टाटातले समाजसेवक उपचार सोडून गेलेल्या कुटुंबांना फोन करून परत बोलावतात. अशा प्रयत्नांमुळे तिथे अर्धवट सुटणाऱ्या उपचारांचं प्रमाण बरंच खाली आलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, सधन देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी 80 टक्क्यांहून अधिक बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत 30 टक्क्यांहूनही कमी. तिकडची मुलं काही जास्त शूर नसतात. त्यांचं निदान वेळेवर होतं, औषध मिळतं आणि उपचार शेवटपर्यंत चालतात. 'आजाराशी झुंज जिंकली' असा मथळा छापला की जे मूल वाचलं नाही ते हरलं, असा अर्थ आपोआप निघतो. तेही त्याच टेबलावर तसंच मुटकुळं करून निजलेलं असतं. शौर्य पुरवण्याचं काम मुलं चोख करतात. राहायला जागा, शिधा आणि शेगडी पुरवण्याचं काम मोठ्यांच्या वाट्याचं आहे.