दारचा झेंडू व घरचें बीं

दसऱ्याच्या आदल्या दिवशीं साकोलीच्या बाजारांत झेंडूच्या फुलांचे ढीग लागतात. भाव ऐकून कित्येक माउल्या हातांतील पिशवी अर्धीच भरून परत फिरतात. ज्या घरापुढें चार हात मोकळी जागा आहे, त्या घरानें हें फूल विकत कां घ्यावें, असें आम्हांस नेहमीं वाटतें. म्हणून झेंडू बियांपासून कसा वाढवावा, व मुख्यतः त्याचें बीं घरींच कसें राखावें, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

झेंडू आपल्या अंगणांत इतका रुळला आहे कीं, तो परदेशचा पाहुणा होय यावर कोणाचा विश्वास बसणार नाहीं. त्याचें मूळ घर मेक्सिको देश. पोर्तुगीज लोकांनीं तो भारतांत आणिला असें मानतात. मेक्सिकोंतील लोक नोव्हेंबरच्या आरंभीं आपल्या मृत आप्तांच्या स्मरणार्थ थडग्यांवर हींच फुलें वाहतात. आपण तोरणें बांधतों, ते आठवण जागवितात. फूल मात्र एकच.

पेरणीपासून फूल येण्यास सुमारें ६० ते ७५ दिवस लागतात. म्हणून दसऱ्यास फुलें हवीं असल्यास त्यापूर्वीं ११-१२ आठवडे, म्हणजे साधारणतः जुलै महिन्यांत, बीं पडलें पाहिजे. उंच जातीचा झेंडू दिवस लहान होऊं लागले कीं लवकर कळ्या धरतो. मोठ्या दिवसांत वाढलेलें झाड पानांनीं माजतें व फुलें उशिरां देतें. यास्तव फार आधीं पेरून लाभ नाहीं.

ज्या मुलांनीं शेतांत धानाचे पऱ्हे टाकलेले व पुढें रोवणी झालेली पाहिली आहे, त्यांस झेंडूची रीत नवी नाहीं. आधीं एके ठिकाणीं रोपें करावयाचीं व मग तीं उपटून अंतरावर लावावयाचीं. भेद एवढाच कीं, धानास बांधींत पाणी उभें लागतें, आणि झेंडूच्या मुळांशीं पाणी साचलें तर तो मरतो. आपल्याकडे पाऊस जोराचा. म्हणून वाफा वीतभर उंच करावा. माती चिकट असल्यास तींत वाळू व कुजलेलें शेणखत मिसळावें. ओळींत बीं विरळ पेरून त्यावर मातीचा अगदीं पातळ थर द्यावा व झारीनें पाणी शिंपडावें. ५ ते ७ दिवसांत अंकुर दिसतात. दाटी झाली व माती सतत ओली राहिली, तर रोपांचीं देठें जमिनीलगत कुजतात व रोपें माना टाकतात.

तीन-चार आठवड्यांनीं रोपें सायंकाळीं हलवावीं. उंच जात हातभर व बुटकी जात दीड वीत अंतरावर लावावी. पंधरा दिवसांनीं शेंडा खुडावा. पहिलें फूल थोडें लांबतें, परंतु बगलेंतून फांद्या फुटून फुलें पुष्कळ येतात. याच जागेंत पुढें टोमॅटो किंवा वांगीं लाविलीं तर आणखी एक लाभ होतो: झेंडूच्या मुळांतील एका द्रव्यामुळें भाजीच्या मुळांवर गांठी आणणारे सूक्ष्म कृमि कमी होतात.

आतां बियांची गोष्ट. पहिल्या वर्षीं आम्हीं तोरणांतील सुकलेलीं फुलें चुरगळून पेरलीं. उगवलें थोडें, आणि जीं झाडें वाढलीं त्यांचीं फुलें बहुतेक लहान व एकेरी निघालीं. दोष मातीचा नव्हता, आमचाच होता. ज्यास आपण झेंडूचें एक फूल म्हणतों, तें अनेक लहान फुलांचें संमेलन आहे. झाडावर पूर्ण सुकलेल्या फुलांतून एक पाकळी ओढून पाहावी. तिच्या बुडाशीं काळी, सुईसारखी बी दिसेल. तोरणाचीं फुलें टवटवीत असतांनाच तोडलेलीं असतात. त्यांतील पुष्कळ बियांचें पोट भरलेलें नसतें.

दुसऱ्या वर्षीं आम्हीं जोमदार झाडावरचीं सर्वांत मोठीं, भरगच्च फुलें निवडून त्यांस दोरा बांधिला व घरांतील सर्वांस बजावलें कीं, हीं तोडावयाचीं नाहींत. दसऱ्याच्या दिवशीं मुलांची कुरकुर झाली. परंतु फुलाचा खालचा हिरवा पेला तपकिरी होईपर्यंत आम्ही थांबलों. मग तीं सावलींत वाळवून, कागदाच्या पुडींत बांधून, वर तारीख लिहून कोरड्या डब्यांत ठेविलीं. पुढील वर्षीं बहुतेक बीं उगवलें. सर्वच फुलें आईबापांसारखीं आलीं असें नाहीं, कारण मधमाशा परागांची सरमिसळ करतात. तरी चांगल्यांची संख्या वाढली. दुकानांतील संकरित पुडीचें बीं मात्र दुसऱ्या पिढींत एकसारखें येत नाहीं. राखण्यासाठीं साधी, गांवांत चालत आलेली जातच घ्यावी.

धानाचें बियाणें काढतांना जाणता शेतकरी उत्तम लोंबीच वेगळ्या ठेवितो. पोट भरण्यासाठीं उरलेलें धान पुरतें. फुलांच्या बाबतींत मात्र आपण उलट करतों: उत्तम तें आज वापरतों व उरलेंसुरलें बियांस सोडतों. मग वर्षानुवर्षें फूल लहान होत गेलें तर नवल काय? विद्यार्थी मित्रहो, या वर्षीं आपल्या दारच्या सर्वांत सुंदर फुलास एक दोरा बांधा. तोरण थोडें आखूड होईल. पुढल्या वर्षींचें मात्र लांब होईल.