अळीच्या आतड्यातील उजळलेली केंद्रके

बीटी जिवाणूची फवारणी झाल्यावर अळ्या काही तासांतच खाणे थांबवतात आणि शेतकरी निश्चिंत होतो. मात्रा अपुरी पडली असेल, तर त्यांतील काही अळ्या थोड्या दिवसांनी पुन्हा पीक कुरतडू लागतात. मग औषध बनावट असल्याची तक्रार येते. क्वचित ती खरीही असते. परंतु अनेकदा उत्तर अळीच्या आतड्यात असते.

बीटीचे विषारी प्रथिन मध्यांत्रातील पेशींच्या आवरणाला छिद्रे पाडते. पेशी फुगून फुटतात. या थराच्या तळाशी मात्र लहान मूलपेशी दडलेल्या असतात. अळी तग धरून राहिली, तर त्या झपाट्याने विभागून झालेले नुकसान भरून काढतात. आपल्या घाटे अळीची अमेरिकेतील जवळची नातलग हेलिओथिस व्हायरेसेन्स हिच्यात अशी दुरुस्ती नोंदली गेली आहे.

विभागणारी पेशी ओळखायची कशी? केंद्रकातील डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. विभाजनाच्या वेळी त्यांपैकी एच-3 या हिस्टोनच्या 10 व्या स्थानावरील सेरीनला फॉस्फेट जोडले जाते. नेमका हा फॉस्फेटयुक्त तुकडा ओळखणारे प्रतिपिंड, म्हणजेच अँटिबॉडी, बाजारात मिळते. मानवापासून कीटकांपर्यंत या प्रथिनाची रचना जवळजवळ तीच राहिली असल्याने मानवी ऊतींसाठी तयार केलेले प्रतिपिंड अळीतही चालते. कीटकांसाठी स्वतंत्र प्रतिपिंडे फारच थोडी मिळतात. त्यामुळे आम्हा कीटकशास्त्रज्ञांना हा मोठाच दिलासा!

आतडे काढून फॉर्माल्डिहाइडमध्ये स्थिर करतात आणि सौम्य डिटर्जंटने पेशींची आवरणे सच्छिद्र करतात, कारण लक्ष्य केंद्रकात खोलवर असते. त्यानंतर हे प्रतिपिंड आणि त्याला चिकटणारे, हिरवे चमकणारे दुसरे प्रतिपिंड लावतात. निळ्या रंगद्रव्याने सर्वच केंद्रके दिसतात. त्यांतील हिरवी उजळलेली तेवढी विभागणारी.

येथे फसगत सहज होते. आतड्यातील पानांचे हरितद्रव्य स्वतःच लाल चमकते. काही ऊतींनाही स्वतःची चमक असते, म्हणून पहिले प्रतिपिंड न लावलेली काचपट्टी सोबत हवीच. आम्ही एकदा भरपूर हिरवी केंद्रके पाहून हर्षभरित झालो. पण बीटी न दिलेल्या अळ्यांतही ती तितकीच निघाली. अळ्या कात टाकण्याच्या बेतात होत्या, आणि त्या काळात मूलपेशी एरवीही विभागतात. तेव्हापासून एकाच वयाच्या अळ्या घेतल्याशिवाय आम्ही मोजणी करत नाही.

ही तपासणी प्रयोगशाळेतच होऊ शकते. बीटी कपाशीची पाने तपासण्याची पट्टीही प्रतिपिंडावरच चालते. मात्र ती प्रथिन आहे की नाही एवढेच सांगते, अळीच्या आतड्यात पुढे काय घडले ते नाही. त्यामुळे बीटी फवारणीची तक्रार आल्यास विस्तार कार्यकर्त्यांनी प्रथम तीन गोष्टी विचाराव्यात: लेबलवरील पूर्ण मात्रा वापरली का, अळ्या लहान असतानाच फवारणी केली का, आणि ती सायंकाळी केली की भर उन्हात? सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी बीटी लवकर निष्प्रभ होते, आणि अळीच्या पोटात जाते ती अर्धवट मात्रा.